बारा टनांचा एक तास

केडगावच्या शिवारात गुऱ्हाळं पेटली की हवेला काकवीचा वास लागतो. अशाच एका गुऱ्हाळावर, चिपाडांच्या ढिगाला पाठ टेकून, दोन माणसं परवा संध्याकाळी वाद घालत होती. एक गुऱ्हाळाचे मालक, सहा एकर बागायती ऊस असलेले शेतकरी. दुसरे त्यांचे मेहुणे, पुण्यात बँकेच्या कर्जविभागात नोकरी करून निवृत्त झालेले. वाद मुलीवरून होता. ती बारावी विज्ञानला आहे, माझ्याकडे भौतिकशास्त्र शिकते, म्हणून मलाही बोलावणं आलं होतं.

तिला हेलिकॉप्टर चालवायचं आहे. सातवीत असताना निवडणुकीच्या सभेसाठी मैदानावर हेलिकॉप्टर उतरलं. गर्दी पुढाऱ्याच्या मागे धावली आणि ही वैमानिकाच्या हातांकडे बघत कुंपणाशी उभी राहिली. तेव्हापासून तिच्या डोक्यातून ते गेलेलं नाही.

त्या संध्याकाळचं बोलणं मी इथे मांडतो आहे, कारण ते एका घराचं नाही. पोराची झेप मोठी आणि सातबारा लहान अशा प्रत्येक घरात ते कधी ना कधी होतं.

मामा : दाजी, आधी आकडा बोलू. पोरीची हौस खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण व्यावसायिक परवान्याला हेलिकॉप्टरवर किमान दीडशे तासांचं उड्डाण लागतं. त्या दीडशे तासांची किंमत तुम्हाला ठाऊक आहे का?

वडील : दीडशे तास म्हणजे किती हो पाहुणे? आमचं गुऱ्हाळ रात्रंदिवस चाललं तर आठवडाभरात दीडशे तास होतात.

मामा : गुऱ्हाळाच्या आठवड्यात गूळ पडतो, या आठवड्यात पैसा जळतो. अमेरिकेत सगळ्यात लहान, दोन माणसांचं हेलिकॉप्टर शिक्षकासकट घेतलं तर तासाला चारशे डॉलरच्या आसपास पडतात. आपले पस्तीस-छत्तीस हजार. छत्तीस धरा. उसाला टनाला तीन हजार धरा. म्हणजे एक तास बारा टनांचा झाला. पोरगी तासभर वर जाऊन खाली आली की बारा टन ऊस संपला.

वडील : आणि दीडशे तासांचे?

मामा : अठराशे टन. पैशात ५४ लाख. एकरी चाळीस टन धरले तर सहा एकरांत तुमचा एका हंगामाला २४० टन निघतो. साडेसात हंगामांचा सगळा ऊस, खत-पाणी-मजुरी एक रुपयाही वजा न करता. आणि हे फक्त उड्डाणाचे. राहणं-खाणं, व्हिसा, परीक्षा, परत आल्यावर तिकडचा परवाना इकडे बदलून घेणं, हे सगळं वर. इथंच शिकायचं म्हणाल तर नागरी हेलिकॉप्टर शिकवणाऱ्या जागा आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतक्या. बंगळूरला एचएएलची रोटरी विंग अकादमी आहे. पण शिकवायला टर्बाइन इंजिनाचं मोठं यंत्र असेल तर तासाचा भाव आणखी चढतो.

वडील : एवढं महाग असायला त्यात सोनं लावलंय का? बारामतीला विमानं शिकवतात. त्याचेही पैसे लागतातच की.

इथे मला तोंड उघडावं लागलं. विमानाचा पंख जागचा हलत नाही. हेलिकॉप्टरचा पंख म्हणजे त्याचं फिरणारं पातं. डोक्यावरची पाती, शेपटीचा छोटा पंखा, त्यांना फिरवणारे गिअर, सगळं अखंड ताण सोसत असतं. म्हणून त्यातल्या अनेक भागांना तासांची मर्यादा असते. शिकण्यासाठी जगभर वापरलं जाणारं रॉबिन्सन कंपनीचं आर-२२ घ्या. १९७९ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. लहान आणि परवडणारं हेलिकॉप्टर करायचं, हाच त्या कंपनीचा ध्यास होता. तरीही २२०० तास उडालं किंवा १२ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा ते अख्खं खोलून दुरुस्त करावं लागतं आणि पाती बदलावी लागतात. नुसतं शेडमध्ये उभं असलं तरी त्याचं वय वाढत राहतं. त्यामुळे शिकणाऱ्याच्या तासाच्या बिलात त्या तासाचं पेट्रोल असतंच, शिवाय यंत्राचं तेवढं आयुष्यही असतं. पेट्रोलही पंपावरचं चालत नाही; विमानाच्या पिस्टन इंजिनाचं खास पेट्रोल तासाला तीस-पस्तीस लिटर लागतं. वर शिक्षकाचा पगार आणि विमा.

शिकणंही निराळं. डाव्या हातात वर-खाली नेणारा दांडा, उजव्या हातात दिशेला झुकवणारा, पायांत शेपटी सांभाळणारी पॅडल. एक हलवलं की बाकीची दोन्ही सावरावी लागतात. जमिनीपासून चार-पाच फुटांवर, एका जागी नुसतं तरंगत राहायला शिकण्यातच सुरुवातीचे कित्येक तास जातात. म्हणजे कुठेही न जाता साठ-सत्तर टन ऊस जातो.

वडील : सर, तुम्हीपण त्यांच्याच बाजूचे निघालात.

मामा : सर बाजूनं बोलत नाहीत, हिशोब सांगतायत. आता कर्जाचं ऐका. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते. तुम्ही म्हणाल, सहा एकर आहे. पण शेतजमीन तारणाला धरायला बहुतेक बँका तयार नसतात, कारण कर्ज थकलं तर सरफेसी कायद्यानं शेतजमिनीवर हात टाकता येत नाही. म्हणजे एकतर राहतं घर द्यायचं, नाहीतर रान विकायचं. पन्नास लाख ११ टक्क्यांनी, १५ वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता ५७ हजारांच्या घरात. आणि हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होत असला, तरी व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं. पन्नास लाखांवर महिन्याला जवळपास ४६ हजार.

वडील : पाहुणे, तुम्ही आयुष्यभर बुडालेली कर्जं बघितलीत. मी पिकलेली रानं बघितलीत. माझ्या आज्यानं विहीर खणली तेव्हाही गावानं हेच सांगितलं होतं की पाणी नाही लागलं तर घर बुडेल.

मामा : विहिरीला पाणी नाही लागलं तरी खड्डा आपला राहतो, रान आपलं राहतं. इथं काय राहतं? एक परवाना. आणि खरी गोम तिथंच आहे. परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. दीडशे तासांच्या पोराला कोण आपलं हेलिकॉप्टर देईल? कंपनीला अनुभवी माणूस हवा, ज्याला माणसं न्यायची त्याला अनुभवी हवा, विमा कंपनीलाही तोच हवा. अमेरिकेत नवा वैमानिक शिक्षक होतो, दुसऱ्यांना शिकवता शिकवता हजारभर तास गाठतो. आपल्याकडे शिकवणाऱ्या शाळाच मोजक्या, मग शिक्षकाची जागा आणायची कुठून? अख्ख्या देशात नागरी हेलिकॉप्टर तीनशेच्या आत आहेत. त्यांतल्या खुर्च्यांवर आधीच फौजेतून निवृत्त झालेले, हजारो तासांचे वैमानिक बसलेले असतात. पोरगी परवाना घेऊन येईल आणि घरी बसेल. तिच्या हाताची सवय जाईल, परवाना चालू ठेवायलाही पैसे लागतील, आणि हप्ता सुरू असेल. माझी भीती फीची नाही दाजी, मला त्या रिकाम्या वर्षांची भीती वाटते.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. काहिलीतला रस उकळत होता आणि गुळव्या झाऱ्यानं मळी काढत होता. मुलीची आई काट्याजवळ बसून ढेपांचं वजन वहीत लिहीत होती. वहीतून मान न काढता ती बोलली.

आई : पैशाचं तुम्ही बोललात. जिवाचं कोण बोलणार? ऑक्टोबर २०२४ च्या दोन तारखेला बावधनच्या डोंगरात हेलिकॉप्टर पडलं. सकाळी पुण्यातून निघून जुहूला चाललं होतं. दोन वैमानिक आणि एक इंजिनिअर, तिघंही गेले. ते काही नवशिके नसतील ना?

वडील : म्हणून तर मी म्हणतो की शिकायचं तर नीट शिकावं, पैसे वाचवायला कुठं अर्धवट ठिकाणी घालू नये. स्वस्तातलं शिकणं या धंद्यात सगळ्यात महाग पडणार. आणि भीती धरली तर रस्त्यावरही जाता येणार नाही. चौफुल्यापासून पाटसपर्यंत सोलापूर रस्त्यावरची माणसं आपण बघितलीत. अपघात झाला की पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचेस्तोवर जीव टिकायची पंचाईत. ऋषिकेशच्या एम्सला ऑक्टोबर २०२४ मध्ये हेलिकॉप्टर रुग्णवाहिका सुरू झाली, ते पोरीनंच मला दाखवलं. डोंगरातला माणूस असा वाचत असेल तर चालवणारं कुणाचं तरी पोरगं लागणारच. ते शेतकऱ्याचं का नसावं?

मामा : असावं. पण शेतकऱ्यानं भिकेला लागून का?

वडील : तुम्ही केडगावात उभं राहून हे विचारताय. स्टेशनापलीकडे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंना इंग्लंडला जायचं होतं तेव्हा त्यांच्याकडे काय होतं? ‘स्त्रीधर्मनीति’ नावाचं पुस्तक लिहिलं, ते विकून आलेल्या पैशात १८८३ साली बोटीत बसल्या. विधवा बाई, कडेवर लहान मुलगी. हिशोब करत बसल्या असत्या तर आज केडगावचं नाव कुणी घेतलं असतं?

मामा : तीच गोष्ट मी पुढे नेतो. इंग्लंडहून बाई अमेरिकेला गेल्या. तिथं बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि तिनं दहा वर्षं मदतीचा शब्द दिला. तेव्हा कुठे १८८९ ला मुंबईत शारदा सदन निघालं. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या पोरी त्यांनी इथं आणल्या, तेव्हा त्यांना नुसती अक्षरं शिकवली नाहीत. विणकाम, छपाई, हाताला लागलीच काम देईल अशी विद्या दिली. आणि कुठल्या पोरीला त्यांनी म्हटलं नाही की आधी बापाचं रान विक, मग ये. जोखीम संस्थेनं घेतली, पोरीवर टाकली नाही. हे मला त्या बाईंचं मोठेपण वाटतं.

रमाबाईंच्या एकाच आयुष्यातून दोघांनी दोन बाजू काढल्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या. धाडस बाईंचं स्वतःचं होतं. पण ते एकट्याच्या खिशावर उभं राहिलं नाही.

वडील : मग आज ती संस्था कुठं आहे, ते सांगा.

मामा : एक आहे, आणि केडगावहून पुण्याची गाडी धरली की तिथं पोचता येतं. खडकवासल्याची एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. तिथं फी नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये मुलींना परीक्षेला बसू दिलं, २०२२ ला पहिली तुकडी आत गेली आणि मे २०२५ मध्ये त्यातल्या १७ मुली बाहेर पडल्या. सेनेच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं शिक्षण आपल्या नाशिकलाच होतं. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक तिथूनच सेनेच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. ज्या शिक्षणाला तुम्ही रान विकायला निघालात, ते तिथं सरकार पगार देऊन करतं. मुलींच्या तयारीसाठी राज्य सरकारची संस्थाही नाशिकला आहे.

वडील : फौज म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे पाहुणे. देशासाठी उभं राहायची तयारी असेल त्यानं तिथं जावं, फुकट उडायला मिळतं म्हणून नाही. आणि आत गेल्यावर हेलिकॉप्टरच मिळेल असा कागद कोण लिहून देतं? तिला रणगाड्याजवळ पाठवलं तर?

मामा : हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तिला गणवेश मनापासून हवा असेल तरच तो रस्ता. पण त्या परीक्षेला वयाची अट आहे, आत्ताच बसावं लागतं. परदेशातली शाळा चार वर्षांनीही असेल. जे दार आधी बंद होणार ते आधी ठोठावावं, एवढंच मी म्हणतो.

वडील : आणि ज्या पोरीला फौज नको, नुसतं रुग्णवाहिकेचं हेलिकॉप्टर चालवायचंय, तिनं काय करावं?

मामा : तिच्यासाठी आज फार काही नाही, हे मला बँकवाला म्हणून कबूल करावं लागतं. नागपूरची महाज्योती इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या पोरांना वैमानिक करते, पण विमानाचे. उड्डाण शिक्षणावरच्या जीएसटीचा घोळ होता. मान्यताप्राप्त शाळांच्या अभ्यासक्रमांना तो लागत नाही, हे सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट झालं. तेवढंच. हेलिकॉप्टर शिकणाऱ्या गरिबाच्या पोरासाठी ठोस काहीतरी असायला हवं. ते नाही, म्हणून तुमच्या रानावर डोळा जातो.

मुलगी इतका वेळ आईच्या मागे उभी होती. आता तिनं दप्तरातली वही काढून वडिलांच्या हातात दिली. तिनंही हिशोब केला होता, पण निराळा. पहिल्या ओळीत होतं, वैद्यकीय तपासणी : आधी वर्ग दोन, मग वर्ग एक. डोळ्यांत, कानांत, हृदयात दोष निघाला तर पुढचा सगळा प्रश्न तिथंच मिटतो, तोही उसाच्या एक-दोन टनांच्या खर्चात. दुसऱ्या ओळीत एनडीएची परीक्षा. तिसरीत डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे लेखी पेपर : हवाई नियम, दिशाज्ञान, हवामानशास्त्र, तांत्रिक विषय. घरी बसून अभ्यास करता येतो, आणि ते सुटले नाहीत तर उड्डाणाला पैसे घालण्यात अर्थ नाही. चौथ्या ओळीत एका तासाचं उड्डाण, फक्त एक, स्वतःला बघण्यासाठी. दीडशे तास सगळ्यात शेवटी होते आणि त्यांच्यापुढे तिनं रक्कम लिहिली नव्हती.

मुलगी : पप्पा, रान विकायचं नाही. मला आत्ता रान नको, दोन वर्षं द्या. या ओळींतली एखादी चुकली तर मीच थांबेन.

वडिलांनी वही मिटली. मग त्यांनी काहिलीजवळच्या म्हाताऱ्या गुळव्याकडे बघितलं आणि जे बोलले ते माझ्या मनातून जात नाही.

वडील : मी पंधरा वर्षांचा होतो तेव्हा याच्याजवळ उभा राहायचो. पाक कधी उतरवायचा हे पुस्तकात नसतं. बोटावर गोळी करून, पाण्यात टाकून, वासावरून कळतं. पहिली काहील माझ्या हातून करपली. माझ्या बापाचा तेवढा गूळ गेला, पण यानं मला दुसऱ्या दिवशी परत काहिलीजवळ उभं केलं. म्हणून मी शिकलो. पोरीचे दीडशे तास मी उद्या कसेही उभे करीन. पण त्यानंतर तिला काहिलीजवळ कोण उभं करणार?

या प्रश्नावर मामांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. आम्ही उठलो तेव्हा एवढंच ठरलं होतं की पुढच्या आठवड्यात मामा भाचीला घेऊन पुण्यात तपासणीला जातील.

पण त्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. हेलिकॉप्टर शिकण्याची खरी किंमत फीच्या कागदावर नसते. दीडशे तासांपासून ज्या तासांना नोकरी मिळते तिथपर्यंतच्या अंतरात ती असते. फी ठरलेली असते, तिच्यासाठी कर्ज काढता येतं. त्या अंतराला मात्र हप्ता नाही, व्याजदर नाही, मुदतही नाही, आणि ते पूर्णपणे शिकणाऱ्याच्या घरावर पडतं. म्हणून पैसेवाल्या घरातली पोरं ते अंतर चालून जातात आणि सहा एकरवाल्यांची पोरं मध्येच बसतात, मग हात कितीही हुशार असोत.

ते अंतर भरून काढता येण्याजोगं आहे. आपल्याकडे १९८५ पासून पवनहंस ही सरकारी हेलिकॉप्टर कंपनी आहे. जुहूहून समुद्रातल्या तेलविहिरींकडे माणसं नेणारी हेलिकॉप्टर रोज उडतात. दोन वैमानिकांच्या त्या उड्डाणांत सहवैमानिकाच्या काही खुर्च्या दरवर्षी नव्यांसाठी राखता येतील. निवड आधी कठोर करा : तपासणी, परीक्षा, हाताची चाचणी. जो त्यातून पार होईल त्याचं शिक्षण शासनानं आणि कंपनीनं मिळून करावं, आणि त्यानं ठरावीक वर्षं तिथं काम करून ते फेडावं. फौज आपल्या वैमानिकांच्या बाबतीत हेच करते. उद्या अपघातातला माणूस, पुरातलं गाव, डोंगरातली बाळंतीण यांच्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत हेलिकॉप्टर उभी करायची असतील, तर ती चालवणारे आजच घडवायला लागतील. ते ओझं केडगावच्या एका सातबाऱ्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

निघताना मागे वळून बघितलं. गुळव्यानं काहील उतरवायला घेतली होती. मालकांनी स्वतः हात न लावता शेजारच्या नव्या पोराला पुढे केलं आणि आपण त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले.